नळीत उरलेलं मीठ

मृग लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. एप्रिल-मे महिन्यांत, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, तेच मीठ खडखडीत कोरडं असतं. रायफलच्या नळीचंही अगदी असंच होतं. उन्हाळ्यात चार गोळ्या झाडल्या, चिंधी फिरवली, तेल लावलं, कापडात गुंडाळून ठेवून दिली. पोळ्याच्या सुमारास काढावी तर नळीत तांबूस थर आणि पेचांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचांच्या, कडा खाल्लेल्या.

आमच्या घरी परवान्याची जुनी रायफल होती आणि तिची काडतुसंही तितकीच जुनी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले काकाजी ती वापरल्यावर पहिल्यांदा चुलीवर पाणी ठेवायला सांगत. आम्ही पोरं तेलाची बाटली घेऊन धावायचो, तर ते म्हणत, “आंधी पाणी पाज तिले, मंग तेल.” लोखंडाला पाणी पाजायचं, हे तेव्हा उलटंच वाटायचं. त्यामागे शंभरेक वर्षांपूर्वीचा गोंधळ आणि एक मोठा शोध आहे, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात काळ्या दारूपासून करावी लागते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख म्हणून उरतो, आणि त्यातले पोटॅशियमचे क्षार ओल धरतात. ठासणीची बंदूक वापरणाऱ्याला हे सांगावं लागत नसे. दोन-चार बारांतच नळी चिकट काळ्या लेपाने भरायची आणि पुढची गोळी ठासायला जड जायची. म्हणून गजाला चिंधी गुंडाळून गरम पाण्याने नळी धुणं हा बंदूक वापरण्याचाच भाग होता. घाण डोळ्यांना दिसत होती, म्हणून कोणी कंटाळा करत नव्हतं.

दुसरा धागा टोपीचा, म्हणजे आघात होताच पेटून दारूला आग देणाऱ्या चिमुकल्या वाटीचा. अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याला पक्षी मारण्याचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेर भडका उडायचा, तो पाहून पक्षी उडून जायचे. त्याने आघाताने पेटणारं मिश्रण वापरून बार उडवण्याची रीत काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट होतं. पुढे तांब्याच्या टोप्या आल्या, त्यात पाऱ्याचं फल्मिनेट आलं, पण क्लोरेटही राहिलं. दिवाळीत पोरं पिस्तुलात ज्या टिकल्या फोडतात, त्यांच्यातही हेच क्लोरेट असायचं. क्लोरेट आपला प्राणवायू देऊन मोकळं झालं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. जेवणातल्या मिठाचं हे सख्खं भावंड. प्रत्येक गोळीमागे त्याचा बारीक फवारा नळीभर बसतो.

काळ्या दारूच्या काळात या मिठाकडे कोणाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. भरपूर राखेत ते मिसळून जायचं आणि राखेबरोबर धुतलंही जायचं. गोष्ट बिघडली ती सुधारणेमुळे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली. १८८९ साली एबल आणि ड्यूअर यांचं कॉर्डाइट, म्हणजे ब्रिटिशांची बिनधुराची दारू, आलं. ब्रिटिशांची १८८८ची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठी घडवलेली होती. कॉर्डाइटच्या उष्णतेने तिच्या उथळ, गोलसर खाचा लवकर झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये खोल आणि चौकोनी धाटणीच्या पाच खाचांची ली-एनफील्ड आली. हीच ती .३०३, जी पुढे आपल्याकडे कित्येक दशकं पोलिसांच्या खांद्यावर दिसली आणि जिच्यावर एनसीसीच्या अनेक पोरांनी हात बसवला.

नवी दारू स्वच्छ जळायची. नळीत डोकावलं तर चकाकी. पण काळ्या राखेचं पांघरूण गेल्यामुळे टोपीतलं मीठ आता थेट पोलादावर बसत होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं. शिवाय धुण्याची सवयही सुटली. नळ्या गंजू लागल्या तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं नव्या दारूकडे. तिच्यात नायट्रिक आम्लापासून केलेले पदार्थ असतात, तेव्हा मागे आम्लच उरत असणार, असा तर्क होता. मग आम्ल मारायला धुण्याच्या सोड्याचं पाणी, अमोनिया, नाना तऱ्हेची तेलं सुरू झाली. सोड्याचं पाणी कामाला यायचं, त्यामुळे तर्क खरा वाटायचा. प्रत्यक्षात काम करत होतं ते त्यातलं पाणी.

या गैरसमजाने किती चांगल्या रायफली खाल्ल्या असतील, याचा विचार केला की मला खरंच हळहळ वाटते. नळी साफ दिसते आहे, माणूस आपल्या समजुतीप्रमाणे मनापासून काळजी घेतो आहे आणि तरीही ती आतून सडते आहे.

उलगडा केला अमेरिकेच्या खाण ब्यूरोतले रसायनशास्त्रज्ञ विल्बर्ट हफ यांनी, १९२२च्या सुमारास. गोळ्या झाडलेल्या नळ्या कोरड्या हवेत ठेवल्या तर गंजत नाहीत, दमट हवेत गंजतात, आणि गंजण्याचं मूळ टोपीतून येणाऱ्या क्लोराइडमध्ये आहे, हे त्यांनी दाखवलं. विदर्भातल्या माणसाला हे पटायला प्रयोगशाळा लागू नये. पोटॅशियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं. मे महिन्यात आपल्याकडची दुपार त्याच्या कितीतरी खाली असते. त्यामुळे कोकणात ज्या नळीवर लवकरच गंज दिसेल, ती आपल्याकडे महिना-दोन महिने निर्धास्त राहते आणि मग झडीच्या आठवड्यात एकदम उघडी पडते. आपल्या कोरड्या उन्हाळ्याने माणूस फसतो तो इथेच. काही झालं नाही, म्हणजे काही होणार नाही, असं तो धरून चालतो.

तेल का पुरत नाही, तेही यातच आलं. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. फोडणीच्या तेलात मीठ टाकून पाहिलं तर ते तळाशी तसंच बसतं. नळीत मिठावर तेल लावलं की मीठ तेलाखाली तसंच राहतं, हळूहळू ओल ओढतं आणि गंज तेलाखालीच चालू राहतो. मातीच्या तेलाचंही तेच, त्याने काजळी निघते, मीठ नाही. आमच्याकडे काहीजण जवसाचं तेल नळीत घालत. .३०३च्या दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल लावायची फौजी रीत होती, ती पाहून आलेली ही सवय असावी. लाकडाला ते उत्तम. नळीत मात्र ते सुकून वार्निशसारखा पापुद्रा धरतं.

ब्रिटिश फौजेने आपली जुनी रीत सोडली नव्हती, हे मोठं शहाणपण. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, बसणारं नरसाळं आणि उकळतं पाणी. पाणी उकळतंच हवं, कारण मीठ लवकर विरघळतं आणि तापलेली नळी स्वतःच्या उष्णतेने कोरडी होते. मग पुलथ्रू, म्हणजे पितळी वजन लावलेली दोरी, चेंबरकडून तोंडाकडे ओढायची. तिच्या फाशात चार इंच बाय दोन इंचाची फलालीन, जिला आपल्या फौजेत चिंदीच म्हणतात. चिंदी कोरडी आणि स्वच्छ येईपर्यंत ओढायची, मगच तेल. बोल्टचं, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचं, तोंड आणि चेंबर यांनाही ओलं फडकं लागतं, कारण टोपी फुटते तिथेच. पुढचे दोन-तीन दिवस रोज एकदा चिंदी फिरवून पाहायची. अर्थात हे सगळं रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केल्यावरच.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत सिनॉक्सिड नावाची टोपी आली. तिच्यात क्लोरेटऐवजी शिशाचं स्टिफ्नेट आणि बेरियम नायट्रेट होतं, म्हणून मीठच तयार होत नव्हतं. अमेरिकेतही त्याच काळात अशी काडतुसं विकली जाऊ लागली. पण फौजांनी क्लोरेट लगेच सोडलं नाही. वर्षानुवर्षं कोठारात पडूनही ते दगा देत नाही हे ठाऊक होतं, नव्या मिश्रणाचा तसा अनुभव नव्हता. अमेरिकी फौजेच्या .३०-०६ काडतुसांत क्लोरेटची टोपी दुसऱ्या महायुद्धानंतरही राहिली. सोव्हिएत गटातल्या देशांनी तर त्यानंतरही कित्येक वर्षं ती वापरली. म्हणून जुनं फौजी काडतूस हाती आलं की ते मिठाचंच धरून चालावं.

आज गावाकडे परवान्याची बंदूक मुख्यतः शेतरक्षणासाठी असते. १९५९च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर मारायला मात्र वनखात्याची परवानगी लागतेच, त्यामुळे बहुतेक बार हवेतलेच. अशा बाराने नळी खराब होत नाही, असं पुष्कळांना वाटतं. काळी दारू आणि टोपी तीच असते, राख आणि मीठही तेवढंच बसतं.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा होते. एका वर्षी आमची घाईत, न धुता, नुसतं तेल लावून जमा केली होती. आचारसंहिता संपून ती परत आली तेव्हा पावसाळा अर्धा झाला होता. काकाजींनी नळी उजेडाकडे धरून पाहिली, माझ्या हातात दिली आणि काही न बोलता पाणी तापत ठेवायला आत गेले.