डिक्सव्हिल नॉच: मध्यरात्री मत देणाऱ्या गावामागची गोष्ट

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा मंगळवार उजाडला की आपल्याकडे सकाळी साडेदहा-अकरालाच मोबाईलवर बातमी येते, 'पहिला निकाल लागला'. 2024 ला ती होती ट्रम्प 3, हॅरिस 3. गाव डिक्सव्हिल नॉच, न्यू हॅम्पशायर राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ. मग लगेच चर्चा सुरू होते की बघा देशाचा कल कसा अटीतटीचा आहे वगैरे. पण सहा मतांवरून देशाचा कल कळत नाही, आणि या गावाचा इतिहास बघितला तर तिथली मतं नक्की कशामुळे बदलत गेली ते जास्त नीट कळतं.

आधी रात्री बाराला मतदान करायच्या प्रथेचं बघू, तिच्यामुळेच या गावाचा निकाल सगळ्यात आधी येतो. ही प्रथा डिक्सव्हिलची नाहीच मुळात. त्याच राज्यातल्या हार्ट्स लोकेशन या छोट्या गावात 1948 ला रेल्वेवर काम करणारे लोक होते, त्यांना भल्या पहाटे ड्युटीवर जावं लागायचं, म्हणून त्यांनी रात्री बारालाच मतदान उरकायला सुरुवात केली. पुढे पत्रकारांची गर्दी एवढी वाढली की लोक वैतागले आणि 1960 च्या दशकात ते बंदच केलं, ते थेट 1996 ला परत सुरू झालं.

डिक्सव्हिलमध्ये हे आणलं नील टिलॉटसन यांनी. हा माणूस रबराच्या धंद्यातला, 1931 मध्ये त्यांनी मांजराच्या तोंडाच्या आकाराचा, कान असलेला लेटेक्सचा फुगा बनवला आणि त्यातून पुढे मोठी कंपनी उभी राहिली. 1954 मध्ये त्यांनी डिक्सव्हिलचं बाल्सम्स हे जुनं मोठं हॉटेल लिलावात घेतलं. तिथल्या लोकांना मत द्यायला लांब दुसऱ्या गावी जावं लागायचं, म्हणून टिलॉटसननी खटपट करून गावाला स्वतःचं मतदान केंद्र मिळवून दिलं आणि 1960 पासून हॉटेलातच बाराच्या ठोक्याला मतदान व्हायला लागलं. पत्रकारांना राहायला खोल्या, निकाल कळवायला फोन, सगळं एका छपराखाली, त्यामुळे डिक्सव्हिलचं नाव जगभर गेलं. घड्याळाकडे बघत पहिलं मत पेटीत टाकायचा मान वर्षानुवर्षं टिलॉटसन यांचाच, 2001 मध्ये 102 व्या वर्षी ते वारले तोपर्यंत.

आता 100 टक्के मतदान, म्हणजे यादीतला प्रत्येक जण मत देतो ते. याचं सगळ्यांना फार कौतुक वाटतं, मलाही वाटतं, पण त्यामागे एक नियम आहे तो समजून घ्यायला हवा. न्यू हॅम्पशायरमध्ये अशा छोट्या गावात यादीतल्या सगळ्यांचं मतदान झालं की केंद्र तिथल्या तिथे बंद करून मोजणी करता येते. म्हणजे एक जण जरी घरी झोपून राहिला तरी रात्री निकाल लागणार नाही, त्यामुळे थंडीत, अर्ध्या रात्री प्रत्येकाला यावंच लागतं, आणि ते येतात.

कल बघायचा तर सुरुवातीला गाव पक्कं रिपब्लिकन. 1960 ला निक्सन 9, केनेडी 0. 1968 ला मात्र हम्फ्री 8 आणि निक्सन 4, तेवढा एक अपवाद. 1988 ला थोरले बुश 34, डुकाकिस 3. त्यानंतर डेमोक्रॅट जिंकला तो एकदम 2008 ला, ओबामा 15, मॅकेन 6. मतदार म्हणजे बरेचसे हॉटेलशी जोडलेले लोक, त्यामुळे कोण नोकरीला आलं आणि कोण गेलं यावर आकडे हलायचे असं मला वाटतं. 2011 ला हॉटेल बंद पडलं आणि यादीच आटली, 2012 ला दहाच मतं, ओबामा 5, रॉम्नी 5, मोजायला 43 सेकंद लागले. 2016 ला आठ मतं, 2020 ला पाच, पाचही बायडनना. आणि त्याच रात्री शेजारच्या मिल्सफिल्डमध्ये ट्रम्प 16, बायडन 5! एकाच डोंगराळ भागातली दोन गावं, तरी निकाल उलटे, म्हणून सांगतो की एका गावावरून अंदाज बांधू नका.

मला या सगळ्यात 2019-20 ची गोष्ट जास्त मोलाची वाटते. निवडणूक घ्यायची तर गावात ठरलेली पदं भरावी लागतात, त्याला किमान पाच माणसं हवीत, आणि राहिली होती चार, प्रथा बंदच पडायची वेळ आलेली. तेव्हा हॉटेल पुन्हा उभं करायच्या मागे असलेले उद्योजक लेस ऑटन तिथले रहिवासी झाले आणि पाचचा आकडा भरला. म्हणजे तेच शेजारी मतदार, तेच निवडणूक अधिकारी, तेच मोजणारे. जानेवारी 2024 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, सहा मतदार होते, चार रिपब्लिकन आणि दोन कुठल्याच पक्षाचे नाहीत, सहाही मतं ट्रम्पविरुद्ध रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या निकी हेलींना. नोव्हेंबरला आधी अकॉर्डियनवर राष्ट्रगीत झालं, मग बारा वाजले, सहा जणांनी मतं टाकली आणि थोड्याच वेळात मोजून फळ्यावर तीन-तीन लिहिलं.