डेकोरेशन डे (ग्रामीण बॅप्टिस्ट मंडळ्यांमधला)

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, केंटकी, अलाबामा या पट्ट्यात, गावोगावच्या बॅप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्चचे समुदाय, वर्षातला एक रविवार आपल्या गेलेल्या माणसांसाठी राखून ठेवतात आणि त्याला डेकोरेशन डे म्हणतात. (मेथडिस्ट वगैरे मंडळ्याही पाळतात, पण इथे बॅप्टिस्टांबद्दल.) याची मेमोरियल डेशी हमखास गल्लत होते कारण १८६८ साली जनरल लोगनने अमेरिकेच्या यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी ३० मे ठरवला तेव्हा त्यालाही लोक डेकोरेशन डेच म्हणायचे. तो सैनिकांचा दिवस, सरकारी सुट्टीचा, आता मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतो. गावातला डेकोरेशन सगळ्यांचा असतो, म्हातारी माणसं, बाळंतपणात गेलेल्या बायका, चार दिवसांची बाळं, सगळ्यांचा. तारीख ज्याची त्याची मंडळी ठरवते, साधारण मे ते ऑगस्टमधला एखादा रविवार, आणि शेजारच्या मंडळ्यांचे रविवार वेगवेगळे असले की आईकडची माणसं एकीकडे आणि वडिलांकडची दुसरीकडे पुरलेली असतील तर दोन्हीकडे जाता येतं.

खरं काम रविवारच्या आधीच होतं. लोक कुदळी, खुरपी, दाताळी घेऊन जमतात, झुडपं तोडतात, कललेले दगड सरळ करतात. पूर्वी कबरीवर गवताची काडीसुद्धा ठेवत नसत, माती खरवडून मोकळी करायची आणि वर ओढून लांबट उंचवटा करायचा, असा ताजा उंचवटा दिसला की या माणसाचं कुणीतरी आहे हे लांबूनच कळायचं. आता बहुतेक ठिकाणी गवत मशीनने कापतात. फुलं आधी बागेतली किंवा घरी क्रेप पेपरची केलेली, पावसात टिकावीत म्हणून वितळलेल्या मेणात बुडवलेली, नंतर प्लास्टिकची आणि कापडाची आली. रविवारी गाणी, प्रवचन, प्रार्थना आणि मग लांब टेबलांवर सगळ्यांनी घरून आणलेलं जेवण, त्याला डिनर ऑन द ग्राउंड म्हणतात. जेवताना कोण कुणाचा कोण लागतो हे पोरांना सांगितलं जातं, आणि माझ्या मते प्रवचनापेक्षा स्मरण इथेच जास्त घडतं.

यामागचा विश्वास समजून घेतला पाहिजे. बॅप्टिस्ट मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, शुद्धिस्थान (मेल्यावर पापं धुतली जातात ती मधली जागा) मानत नाहीत, गेलेल्याचा निवाडा आता देवाकडे आहे आणि आपण केलेल्या कशानेही त्यात फरक पडत नाही अशी त्यांची ठाम समजूत आहे. मग उरतं काय, तर जागा नीट राखायची आणि नाव विसरायचं नाही. म्हणूनच हे स्मरण इतकं हाताच्या कामाचं झालं असं मला वाटतं. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायात ख्रिस्तात मेलेले पहिल्यांदा उठतील असं म्हटलंय, ते इथे वारंवार वाचतात. जुन्या कबरी बहुतेक पूर्वेकडे पाय करून असतात, पुनरुत्थानाच्या सकाळी उठताना तोंड पूर्वेला असावं म्हणून.

आणखी एक जुनी गोष्ट. पूर्वी एकच पाळक दोन-चार मंडळ्या सांभाळायचा, एकेका ठिकाणी महिन्यातून एकदा पोचायचा, हिवाळ्यात तर रस्तेच बंद, त्यामुळे माणूस गेला की शेजारीपाजारी लगेच पुरून टाकत आणि अंत्यविधीचं प्रवचन काही महिन्यांनी, कधी वर्षानेही व्हायचं. पूर्व केंटकीतले ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट (बॅप्टिस्टांचाच एक जुन्या वळणाचा गट) अजूनही घराण्याच्या नावाने दरवर्षी मेमोरियल मीटिंग, म्हणजे स्मरणसभा, घेतात.

कबरीइतकंच महत्त्वाचं मंडळीचं रजिस्टर. बाप्तिस्मा घेऊन सभासद झालेल्याचं नाव त्यात चढतं, मेल्यावर पुढे तशी नोंद होते, सभांच्या जुन्या इतिवृत्तांत (मिनिट्समध्ये) कधी श्रद्धांजलीचा अख्खा ठरावही सापडतो. पण १८६५ च्या, म्हणजे गुलामगिरी संपण्याच्या, आधीची रजिस्टरं वाचताना जीव कळवळतो कारण गुलाम केलेली काळी माणसंही याच मंडळ्यांची सभासद होती आणि त्यांचं नुसतं पहिलं नाव, पुढे मालकाचं नाव, बस. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या कबरीवर रानातला बिनअक्षरी दगड आहे. स्वातंत्र्यानंतर बहुतेकांनी स्वतःच्या वेगळ्या मंडळ्या काढल्या, पण आधीची माणसं जुन्याच जमिनीत राहिली, आणि डेकोरेशनच्या दिवशी त्या दगडांपाशीही फूल ठेवलं गेलंच पाहिजे.

ही प्रथा किती चिवट आहे ते नॉर्थ कॅरोलायनातल्या स्वेन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) दिसतं. दुसऱ्या महायुद्धात विजेसाठी १९४२ ते १९४४ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेने तिथे फोंटाना धरण बांधलं, रस्ता पाण्याखाली गेला, उत्तर काठावरची गावं उठली आणि ती जमीन ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कात गेली. काही कबरी हलवल्या, बाकीच्या जंगलात राहिल्या. १९४३ च्या करारात नवा रस्ता करून द्यायचं वचन होतं, थोडे मैल आणि एक बोगदा होऊन काम थांबलं ते थांबलंच, लोक त्याला रोड टू नोव्हेअर म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी उठवलेल्या घरांतल्या लोकांनी नेटाने मागणी लावून धरली आणि पार्क सर्व्हिस (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं सरकारी खातं) त्यांना उन्हाळ्यात बोटीने पलीकडे न्यायला लागली, तिथून पुढे गाडीने किंवा पायी, फुलं, जेवणाचे डबे आणि म्हातारी माणसं सगळ्यांना घेऊन. २०१० मध्ये रस्त्याच्या बदल्यात केंद्र सरकारने काउंटीला ५.२ कोटी डॉलर द्यायचं ठरलं, शेवटचा हप्ता २०१८ मध्ये मिळाला. रस्ता काही झाला नाही, त्यातल्या बऱ्याच कबरींपर्यंत पोचायला अजून बोटच लागते.