रेणवीय मेघ व ताऱ्यांची निर्मिती

रेणवीय मेघ : ताऱ्यांदरम्यानच्या अवकाशातील ज्या थंड वायुमेघांत हायड्रोजन मुख्यतः रेणुरूपात असतो, ते मेघ. आपल्या आकाशगंगेत आज जन्मणारा जवळजवळ प्रत्येक तारा अशा मेघात घडतो. मेघाचे तापमान सामान्यतः १० ते २० केल्विन (सु. −२६३° ते −२५३° से.) असते. घनता दर घन सेंमी.मध्ये सरासरी काहीशे रेणू, तर दाट गाभ्यांत दहा हजार ते दहा लाख असते. हे दाटपण सापेक्ष आहे, कारण समुद्रसपाटीच्या हवेत तेवढ्याच जागेत सु. अडीच लाख कोटी कोटी रेणू मावतात. मोठ्या मेघांचे वस्तुमान सूर्याच्या दहा हजार ते दहा लाख पट भरते. हायड्रोजनखालोखाल हीलियम असतो. धूळ वस्तुमानाने जेमतेम एक टक्का असली, तरी तिच्यावाचून हे मेघ टिकणार नाहीत. हायड्रोजनाचे अणू धूलिकणांच्या पृष्ठभागावरच जोडीने बांधले जातात आणि ताऱ्यांच्या जंबुपार किरणांपासून रेणूंचा बचावही धूळच करते.

शोध : आंतरतारकीय वायूचा पहिला भक्कम पुरावा मृग नक्षत्रातून मिळाला. मृगाच्या बाणातील पश्चिमेकडचा तारा मिंटाका हा जोडतारा आहे. त्याच्या वर्णपटातील इतर रेषा कक्षीय गतीनुसार सरकत असताना कॅल्शियमाची रेषा मात्र जागची हलत नाही, असे योहानेस हार्टमान यांना १९०४ मध्ये आढळले. म्हणजे हा कॅल्शियम ताऱ्यांवरचा नव्हता, वाटेतल्या अवकाशातला होता. आकाशगंगेच्या पट्ट्यातील काळे डाग ही ताऱ्यांविना रिकामी भगदाडे की समोर आलेले पडदे, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. एडवर्ड एमर्सन बार्नार्ड यांनी १९१९ मध्ये अशा १८२ डागांची सूची दिली. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांच्या अभ्यासातून धुळीमुळे होणारे प्रकाशाचे शोषण सिद्ध केले आणि पडद्याची बाजू पक्की झाली.

मात्र मेघातील मुख्य घटक अदृश्यच राहिला. हायड्रोजनाचा रेणू सममित असल्यामुळे इतक्या थंडीत तो जवळजवळ काहीच प्रारण सोडत नाही. १९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स व आर्नो पेन्झिअस यांना मृगातील अभ्रिकेकडून (वायू व धुळीच्या तेजस्वी ढगाकडून) २.६ मिमी. तरंगलांबीवर कार्बन मोनॉक्साइडचे प्रारण सापडले. तेव्हापासून हा रेणू हायड्रोजनाची खूण म्हणून वापरला जातो. हायड्रोजनाच्या साधारण दहा हजार रेणूंमागे त्याचा एक रेणू असतो. हे प्रमाण सर्वत्र सारखे नसल्याने मेघांची वस्तुमाने सावधपणे घ्यावी लागतात.

तारे इतके थोडे का? : या विषयातील खरा वादाचा मुद्दा हाच आहे. जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये दाखवले, की ठरावीक तापमान व घनतेच्या वायूचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेले, की आतला दाब गुरुत्वाला तोलू शकत नाही व वायू आकुंचन पावू लागतो. १० केल्विन तापमानाच्या दाट गाभ्यात ही मर्यादा सूर्याच्या काही पटच भरते. मोठे मेघ तिच्या हजारो पट जड असतात. दर घन सेंमी.मध्ये शंभर रेणू असलेला मेघ निव्वळ गुरुत्वाने कोसळला, तर त्याला सु. ३० ते ४० लाख वर्षे पुरतील. आकाशगंगेतील रेणवीय वायू सु. १०० कोटी सूर्यांइतका आहे. तो सर्व या वेगाने कोसळला असता, तर दरवर्षी शेकडो सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे जन्मले असते. प्रत्यक्षात हा दर वर्षाला एक ते दोन सूर्य एवढाच आहे. १९७४ मध्ये बेन झुकरमन व नील एव्हन्स यांनी ही विसंगती पुढे आणली.

पहिले उत्तर चुंबकीय क्षेत्राचे. त्याची पायाभरणी १९५०–६० च्या दशकात झाली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर व एन्रिको फेर्मी यांनी १९५३ मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून (प्रकाशलहरी एका ठरावीक दिशेत कंप पावण्यावरून) आंतरतारकीय क्षेत्राची तीव्रता काढण्याची रीत दिली; ती आजही वापरात आहे. लिऑन मेस्टेल व लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये मांडले, की क्षेत्र फक्त आयनांना (विद्युत् भारित कणांना) धरून ठेवते व उदासीन रेणू त्यांच्यामधून हळूहळू आत घसरतात. त्यामुळे आकुंचन लांबते. १९८७ पर्यंत फ्रँक शू व सहकाऱ्यांनी यातून एक सुसूत्र चित्र उभे केले आणि पुढे बराच काळ तेच प्रमाण मानले गेले. परंतु रिचर्ड क्रचर यांच्या झीमन परिणामावरील (चुंबकीय क्षेत्रामुळे वर्णपटरेषा विभागली जाण्यावरील) मोजमापांत दाट गाभ्यांमधील क्षेत्र गुरुत्वाला रोखण्याइतके प्रबळ सहसा आढळले नाही.

दुसरे उत्तर संक्षोभाचे, म्हणजे मेघातील स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) खळबळीचे. मेघ जितका मोठा तितकी त्यातील गतींची तफावत जास्त, हा संबंध रिचर्ड लार्सन यांनी १९८१ मध्ये दाखवला. ही खळबळ पूर्ण मेघाला आधार देते व त्याच वेळी ठिकठिकाणी वायू दाबून गाभे तयार करते. यावरचा आक्षेपही वजनदार आहे : संगणकीय प्रतिकृतींत असा संक्षोभ लवकर विरतो, तेव्हा त्याला ऊर्जा सतत कोण पुरवते? तिसऱ्या मतानुसार मेघ खरोखरच कोसळत असतात. पण प्रथम जन्मलेले प्रचंड तारे आपल्या प्रारणाने उरलेला वायू उधळून लावतात. केवळ चुंबकीय आधाराचा सिद्धांत आता अपुरा दिसतो. बाकी दोन मतांत उपलब्ध निरीक्षणे तिसऱ्याकडे थोडी झुकतात, कारण मेघांचे आयुष्य अल्प असल्याचे दिसू लागले आहे. १९७९ च्या सुमारास काही अभ्यासक ते १० कोटी वर्षांहून अधिक मानत. जवळच्या नऊ दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासंघांच्या) २०२० मधील अभ्यासात ते १ ते ३ कोटी वर्षे आले. तेवढ्या काळात मेघातील काही टक्केच वायू ताऱ्यांत जातो.

हर्शेल अवकाश दुर्बिणीने (२००९–१३) मेघांमध्ये तंतूंचे जाळे दाखवले. बहुतेक गाभे या तंतूंवरच असतात. तंतूंची रुंदी सर्वत्र सु. ०.१ पार्सेक (सु. ०.३ प्रकाशवर्ष) असते, हा दावा वादग्रस्त आहे.

उदाहरणे : मृगाच्या बाणाच्या दक्षिणेला साध्या डोळ्यांनी अंधुक दिसणारी अभ्रिका सु. १,३५० प्रकाशवर्षांवर आहे. ती तिच्यामागील कितीतरी मोठ्या काळोख्या मेघाची तापलेली कडा होय. तेथील तरुण ताऱ्यांभोवतीच्या तबकड्या हबल दुर्बिणीने १९९०–२००० च्या दशकात टिपल्या. कृत्तिकांच्या पूर्वेकडील वृषभ मेघ याहून जवळ, सु. ४५० प्रकाशवर्षांवर आहे. तेथे लहान तारेच जन्मतात. कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ त्यांच्या जन्ममेघाचा अवशेष आहे, असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. हा गुच्छ सु. १० कोटी वर्षांहून जुना असून सध्या एका परक्या मेघातून जात आहे.

वायूचा पुरवठा : आजच्या दराने आकाशगंगेतील रेणवीय वायू १०० कोटी वर्षांच्या आतच संपावा, आण्विक (सुट्या अणूंच्या रूपातील) हायड्रोजन धरला तरी काही अब्ज वर्षेच पुरावा. आकाशगंगा १० अब्ज वर्षांहून जुनी असल्याने बाहेरून वायू येत असला पाहिजे. १९६३ मध्ये सापडलेले अतिवेगवान मेघ हा त्याचा एक भाग असावा. परंतु त्यांतील काही वायू आकाशगंगेतूनच वर उडून परत पडणारा आहे. दूरच्या दीर्घिकांबाबत नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सु. ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे २१ सेंमी. तरंगलांबीचे (हायड्रोजन अणूंकडून येणारे) रेडिओ संकेत एकत्र मिळवून आण्विक हायड्रोजनाचे सरासरी वस्तुमान काढले गेले. त्या काळच्या वेगवान तारानिर्मितीला तो साठा एक ते दोन अब्ज वर्षेच पुरला असता. त्यानंतर विश्वातील तारानिर्मिती मंदावली ती पुरेसा नवा वायू न मिळाल्याने, असा निष्कर्ष त्यावरून काढला आहे. हे मूल्य समूहाचे आहे. इतक्या अंतरावरील सामान्य दीर्घिकेचा एकटीचा संकेत या निरीक्षणांत गोंगाटाखालीच राहतो.