कॅन्सरच्या औषधांचा खर्च : महात्मा फुले योजनेत नाशिककरांचे अर्ज कुठे अडकतात

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. हे ५ लाख माणशी नाहीत, अख्ख्या कुटुंबात मिळून आहेत. जुलै २०२३च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डवाल्यांनाही यात घेतलं. वेगळा अर्ज नाही. योजनेतल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे रिपोर्ट द्यायचे, पुढचं ऑनलाइन काम तिथूनच होतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते रेशनकार्डावरच्या नावापाशी. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, लहान मुलाचं कुठेच नसतं, किंवा आधारवर ‘सुनीता’ आणि कार्डावर ‘सुनंदा’ असतं. सुनेसाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, बाळासाठी जन्मदाखला. हे काम तालुक्यात तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि नाशिक शहरात धान्य वितरण अधिकारी कार्यालयात होतं. सुरगाणा-पेठसारख्या तालुक्यांतून आलेल्या माणसाला एका अक्षरासाठी दोन-दोन फेऱ्या मारायला लावणं अन्यायाचं आहे, पण आज परिस्थिती तशी आहे. म्हणून बायोप्सी पाठवली त्याच दिवशी कार्ड उघडून नाव तपासा. रिपोर्टची वाट बघू नका.

दुसरी चूक पैशात महाग पडते : घाईघाईत रोख भरून केमो सुरू करणं. योजना कॅशलेस आहे, भरलेलं बिल परत मिळत नाही. आधी मंजुरी, मग सलाईन. एकदा मंजुरी मिळाली म्हणजे केमोच्या सगळ्या फेऱ्यांचं (सायकलचं) काम झालं असंही समजू नका, प्रत्येक वेळी आरोग्यमित्राला विचारून घ्या.

‘आमचं हॉस्पिटल योजनेत आहे’ एवढ्यावर थांबू नका. ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन हे वेगवेगळे विभाग असतात आणि एखाद्या ठिकाणी त्यातला एकच योजनेत असू शकतो. नाशिकमधल्या शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही कॅन्सर विभाग आहे, तिथे आधी चौकशी करा.

आता औषधं. योजनेत औषधांचं पॅकेज ठरलेलं असतं, डॉक्टरांनी लिहिलेलं प्रत्येक औषध त्यात बसत नाही. जुलै २०२४मध्ये केंद्राने ओसिमर्टिनिब, ड्युर्व्हॅल्युमॅब आणि ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या कॅन्सरच्या औषधांचं सीमाशुल्क माफ केलं, ही बातमी वाचून अनेकांना वाटलं की आता ती योजनेत मिळणार. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. डॉक्टरांकडून कंपनीचं नव्हे, औषधाचं मूळ नाव, डोस आणि सायकलची संख्या लिहून घ्या आणि तो कागद दाखवून विचारा.

औषध पॅकेजबाहेर असेल तर मुख्यमंत्री सहायता निधी. इथे तहसीलदारांचा १.६० लाखांपर्यंतचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि घात होतो तो तारखेचा. फेब्रुवारीत काढलेला दाखला वर्षभर चालत नाही, ३१ मार्चला त्याची मुदत संपते. खर्चाचं अंदाजपत्रक रुग्णालयाचं हवं. रुग्णालय खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, त्यामुळे उपचार चालू असतानाच अर्ज करा. घरी सोडल्यानंतर केलेला अर्ज उपयोगाचा नाही.

खासगी विमा असेल तर ‘गोळ्या घरी घेतल्या, म्हणून क्लेम नाही’ एवढं ऐकून गप्प बसू नका. तोंडाने घ्यायची केमो आणि इम्युनोथेरपी पॉलिसीतून सरसकट वगळू नये, असे विमा नियामकाचे २०१९चे निर्देश आहेत. मात्र कंपनी त्यावर उपमर्यादा, म्हणजे तेवढ्या उपचारापुरती वेगळी मर्यादा, घालू शकते, तेवढं पान वाचा. पॉलिसी घेण्याआधीच्या आजारासाठी क्लेम मिळायला थांबावं लागतं, तो प्रतीक्षाकाळ २०२४पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होता. नकार लेखी मागा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.