व्हर्च्युअल मशीनमधलं वायफाय कुणाचं?

एप्रिल आणि ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती येते. त्याआधी काही आठवडे तिचा बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, येतो आणि कुणी ना कुणी मला हमखास सांगतं, "जुन्या लॅपटॉपवर चालवून बघितला, वायफाय झकास चाललं." मी विचारतो, कशात चालवलास? "व्हर्च्युअलबॉक्समध्ये." अरे, तो तर विंडोजच्या खिडकीत सोंगातला कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) उभा करणारा प्रोग्रॅम, मग वायफाय आलं कुठून? दुसऱ्या टोकाला रडगाणं असतं: "फार अडकतो रे, आपल्या डबड्याला झेपणार नाही." तेही व्हर्च्युअलबॉक्समध्येच बघून काढलेलं अनुमान. एक खूश, एक नाराज आणि दोघांचाही घोटाळा तोच.

दुसरा मार्ग लाइव्ह पेनड्राइव्हचा, म्हणजे सिस्टिम थेट पेनड्राइव्हवरून खऱ्या लॅपटॉपवर चालवायचा. व्हर्च्युअल मशीनला लागते तीच आयएसओ फाइल (सगळी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) इथेही लागते. रूफस किंवा एचर अशा प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप सुरू होताना बहुधा एफ12 दाबायचं (एचपीवर बहुतेकदा एफ9), पेनड्राइव्ह निवडायचा आणि इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचं. हार्ड डिस्कला आपण होऊन हात लावत नाही. केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि लॅपटॉप बंद केला की पुसले जातात. पेनड्राइव्ह किती जीबीचा, रूफस बरं की एचर, यावर लोक तासभर वाद घालतात. आठ जीबीचा घ्या आणि हाताशी असेल ते वापरा.

आता खरी मेख. व्हर्च्युअल मशीनमध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'एलएसपीसीआय' (lspci) लिहा, म्हणजे यंत्रातल्या कार्डांची यादी येते. व्हर्च्युअलबॉक्स असेल तर नेटवर्कच्या ओळीत बहुधा इंटेल 82540ईएम दिसेल. हे वीस वर्षांहून जुनं, तारेने जोडायचं इथरनेट कार्ड. तुमच्या लॅपटॉपमध्ये ते नाही, कधीच नव्हतं. व्हर्च्युअलबॉक्स त्याचं सोंग घेतो, कारण त्याचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) जवळजवळ प्रत्येक सिस्टिममध्ये असतो. खऱ्या वायफाय चिपशी विंडोज बोलतं, तिथून इंटरनेट त्या सोंगातल्या कार्डात येतं आणि पाहुण्या सिस्टिमला, म्हणजे आतल्या उबुंटूला, वाटतं की आपल्याला केबल लावली आहे. वर कोपऱ्यात वायफायच्या पंख्याऐवजी तारेचं चिन्ह असतं, पण तिकडे कुणी बघत नाही. ग्राफिक्स कार्डही सोंगातलं, आवाजाचंही. झाकण, ब्राइटनेसच्या कळा, झोपणं-उठणं हे सगळं बाहेरचं विंडोज सांभाळतं. बीटाचा तुमच्या लॅपटॉपशी म्हणावा असा परिचय झालेलाच नसतो.

नव्या लॅपटॉपवर हे एक वेळ खपून जातं. जुन्यावर मात्र बीटा नेमका इथेच अडतो. बीटात कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा सिस्टिमचा गाभा, नवा असतो. ब्रॉडकॉम कंपनीच्या बऱ्याच जुन्या वायफाय चिपांना बाहेरून जोडायचा ड्रायव्हर लागतो आणि तो नव्या कर्नलशी जुळायला वेळ लागतो. कधी तो तयारच होत नाही. एनव्हिडियाच्या जुन्या ग्राफिक्स कार्डांचे 340 आणि 390 मालिकेतले ड्रायव्हर तर खुद्द कंपनीनेच सोडून दिलेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये यातलं काहीही दिसत नाही. दिसणं शक्यच नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मामांचा लॅपटॉप 2014चा, चार जीबी रॅम, विंडोज 11च्या अटींत न बसणारा. मी दोन संध्याकाळी व्हर्च्युअल मशीनमध्ये बीटा फिरवला, खूश झालो आणि त्यांची डिस्क पुसून तोच इन्स्टॉल करून दिला. वायफाय गायब. ड्रायव्हर उतरवायचा तर इंटरनेट हवं आणि इंटरनेट हवं तर ड्रायव्हर. शेवटी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं (टेदरिंग) तेव्हा गाडी पुढे सरकली. मग मामांनी झाकण लावलं आणि उघडलं. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. लाइव्ह पेनड्राइव्हवर ही दोन्ही दुखणी पाच मिनिटांत कळली असती.

म्हणून लाइव्हमध्ये वॉलपेपर बघत बसू नका. घरच्या वायफायला जोडा. झाकण लावा, एक मिनिट थांबा, उघडा, तीनदा करा. ब्राइटनेसच्या कळा, हेडफोन, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं हे सगळं तपासा. टीव्हीला जोडत असाल तर एचडीएमआयही. मला विचाराल तर झाकणाची परीक्षा पहिली घ्या. त्यात नापास झालेला लॅपटॉप रोज वापरायला वैताग देतो.

वेगाबद्दल दोन्ही ठिकाणी फसगत होते, पण कारणं वेगळी. चार जीबीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवलंत तर निम्मी रॅम विंडोज आधीच खाऊन बसलेलं असतं, आणि पडद्यावरची चित्रं पुष्कळदा प्रोसेसरलाच काढावी लागतात. तिथला संथपणा त्या दाटीवाटीचा. लाइव्हमध्ये रॅम आणि प्रोसेसर तुमचे खरे, पण प्रत्येक गोष्ट पेनड्राइव्हवरच्या दाबून भरलेल्या फाइलमधून उलगडून आणावी लागते. यूएसबी 2च्या खाचेत लावला असेल तर फायरफॉक्स पहिल्यांदा उघडेपर्यंत चहा होतो. तो बंद करून पुन्हा उघडा. आता तो रॅममधून येतो, आणि हा दुसरा वेग खऱ्याच्या जवळचा. फक्त टॅबांची खैरात करू नका, कारण बदल साठवायलाही तीच रॅम वापरली जाते.

मग व्हर्च्युअल मशीन टाकाऊ का? मुळीच नाही. बीटात मराठी कळपट नीट बसतो का, इन्स्क्रिप्ट कळरचनेने 'ऱ्य' उमटतो का, मेनूंतलं मराठी भाषांतर अर्धवट आहे का, हे बघायला मी तेच वापरतो. या गोष्टी कुठल्याही लॅपटॉपवर सारख्याच. शिवाय स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची प्रत) घेऊन हवी ती मोडतोड करता येते. लाइव्हमध्ये ही चैन नाही, कारण तिथे तुमची खरी डिस्क समोर उघडी असते. इन्स्टॉलरवर टिचकी मारून डिस्क पुसण्याचा पर्याय घाईत निवडलात तर लग्नाचे फोटो खरोखर जातात. 'लाइव्ह म्हणजे अगदी सुरक्षित' असं बिनधास्त सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. आणि सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या सेटिंगला) हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कुठे ठेवलीय ते बघून घ्या. नंतर विंडोज ती मागत बसतं.

पासवर्डांच्या बाबतीत मात्र मी दोन्हींत फरक करत नाही. का ते सांगतो. उबुंटू 24.04चा बीटा 4 एप्रिल 2024ला यायचा होता, तो 11 तारखेला आला. 29 मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी पेरलेलं चोरदार (गुपचूप आत शिरायची वाट) उघड केलं होतं. एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरवर जायची सोय) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेवरून त्याने ते हुडकलं. त्यानंतर उबुंटूला बीटासाठीची पॅकेजं पुन्हा बांधावी लागली. तो बिघाड डेबियनच्या (उबुंटू जिच्यावर बेतलाय त्या सिस्टिमच्या) चाचणीच्या शाखांत पोचला होता, स्थिर आवृत्तीत नव्हता. त्यामुळे बीटा पेनड्राइव्हवर असो की व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत, मी त्यात बँकेचं लॉगिन करत नाही.

मामांच्या लॅपटॉपवर आता जुनी एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती आहे. झाकण उघडलं की स्क्रीन लागते. नवा बीटा आला की मी त्यांच्याकडे जातो तो पेनड्राइव्ह खिशात टाकून.