निळ्या बुटांना सुमेरियनमध्ये काय म्हणायचं?

युका अम्मोंट नावाच्या फिनलंडच्या एका प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात एल्व्हिस प्रेस्लीची गाणी लॅटिनमध्ये गायली आणि मग २००१ मध्ये थेट सुमेरियनमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधली ती भाषा जी बोलायची लोकांनी साधारण ४००० वर्षांपूर्वीच बंद केली. गाणं कुठलं, तर 'ब्लू स्वेड शूज'.

आता गंमत बघा. स्वेड म्हणजे घासून मखमलीसारखं केलेलं चामडं, त्याला सुमेरियन शब्द कुठून आणणार? (मूळ फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चक्क 'स्वीडन'!) पण पायताणाला शब्द आहे, 'एसिर'. आणि निळ्यासाठी 'झागिन', म्हणजे लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा तो गडद निळा दगड. रंगाला दगडाचंच नाव. म्हणजे रॉक अँड रोलवाल्याचे बूट तिथे पोचेपर्यंत राजाच्या खजिन्यातले होतात, आणि मला तर हे मूळ गाण्यापेक्षा भारी वाटतं.

खरी पंचाईत उच्चारांची. मातीच्या पाटीवर 'एसिर'च्या आधी 'कुश' म्हणजे चामडं हे चिन्ह काढायचे, वस्तू कशाची आहे ते डोळ्यांना कळावं म्हणून, आणि अशी चिन्हं बहुतेक वेळा वाचायची नसायची. मग गाताना ते म्हणायचं की गाळायचं? शिवाय सुमेरियनचे आवाज आपल्याला कळलेत ते बरेचसे अक्कादियन (त्याच भागात नंतर चाललेली वेगळी भाषा) बोलणाऱ्या लेखनिकांच्या शब्दयाद्यांमधून, आणि त्यांच्या भाषेत जे आवाज नव्हते ते त्या गाळणीतच अडकले असणार. त्यामुळे आज आपल्याला 'दु' म्हणजे जाणं आणि 'दु' म्हणजे बांधणंही, दोन्ही सारखेच दिसतात, लिहिताना अभ्यासक बिचारे शेजारी बारीक आकडे टाकून वेगळे ठेवतात. काहींना शंका आहे की चिनीसारखे, शब्दाचा अर्थच बदलणारे सुरांचे चढउतार असतील, आणि तसं असेल तर रॉकच्या चालीवर शब्द बसवायचे कसे, कारण चाल आपली स्वतःची वर-खाली जातेच की.

व्याकरण मात्र आपल्याला परकं वाटत नाही. 'लुगाल-ए ए मुनदु' म्हणजे 'राजाने घर बांधलं' (यातला सुटा 'ए' म्हणजे घर). क्रियापद शेवटी, आणि लुगालला म्हणजे राजाला लागलेला तो 'ए' आपल्या 'ने'सारखाच काम करतो, ज्याने काम केलं त्याला चिकटतो. इंग्रजीत असं काही नाहीच. नातं वगैरे काही नाही हं, सुमेरियनची कुठलीच नातेवाईक भाषा अजून सापडलेली नाही. फक्त विशेषण उलटं, नामानंतर येतं, म्हणजे 'निळे बूट' नाही, 'बूट निळे'. आणि ते तर आपणही गाण्यात करतोच, यमक जुळेना की.