टेम्पोचं भाडं आणि पॅकर्सचा दर: या दोन आकड्यांची तुलना करू नका

"कोथरूडहून वाकडला घर हलवायचंय. पॅकर्सवाला नऊ हजार म्हणतोय, टेम्पोवाला अडीच हजार. मग वरचे साडेसहा हजार कशाचे?" अकरा महिन्यांचे करार संपत आले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. त्याच माणसाची पुढची तक्रारही ठरलेली: "टेम्पोवाल्याने फसवलं हो, सोफ्याला हातसुद्धा लावला नाही!" का लावेल? तुम्ही त्याला सोफा उचलायला बोलावलंच नव्हतं.

फरक गाडीत नाही, हे आधी डोक्यात घ्या. बऱ्याच छोट्या पॅकर्सकडे स्वतःची गाडी नसते. ते नाक्यावरचा तोच पिकअप बोलावतात, जो तुम्हीही बोलावू शकता. गाड्यांचं गणित सोपं आहे. छोटा हत्ती, म्हणजे २००५ साली आलेली टाटा एस, साधारण पाऊण टन माल नेते. वन आरके किंवा आटोपशीर वन बीएचके तिच्यात बसतं. डबलबेड, कपाट आणि सोफा तिन्ही असतील तर पिकअप सांगा. टू बीएचकेला चारशे सात, म्हणजे टाटाचा ४०७ ट्रक. दोन खेपा करू म्हणून छोटी गाडी बोलावणाऱ्यांना मी समजावणं सोडलं आहे.

खरी गोम पुढे आहे. टेम्पोचं भाडं म्हणजे गाडी, डिझेल आणि ड्रायव्हर. या गेटपासून त्या गेटपर्यंत. बस. सामान चौथ्या मजल्यावरून हौद्यापर्यंत कोण आणणार, कोण रचणार, दोरखंड कोण आवळणार, तिकडे पुन्हा वर कोण चढवणार, हे सगळं भाड्याच्या बाहेर. ड्रायव्हर कपाटाला एका बाजूने हात लावतो तो त्याचा भलेपणा. त्यासाठी वेगळे पैसे ठरवले असतील तरच ते काम. पॅकर्सना तुम्ही गाडी सांगत नाही, काम सांगता: इथलं घर उचलून तिथे मांडून द्या. लग्नात आचारी बोलावणं आणि ताटावर केटरर ठरवणं यात जो फरक, तोच इथे. आचाऱ्याला किराणा, भांडी, वाढपी तुम्ही पुरवता आणि मीठ कमी पडलं तर दुकानात तुमचाच भाचा धावतो.

म्हणून त्या अडीच हजारांत आधी भर घाला. दोन्ही टोकांची हमाली, आणि ती लिफ्ट नसेल तर मजल्यामागे वाढते. पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी, जुन्या चादरी. लिफ्टसाठी ताटकळलात तर गाडीचं वेटिंग. शिवाय तुमची सुट्टी, कारण नग मोजणारे मुकादम तुम्हीच. हे सगळं धरूनही शहरातल्या शहरात टेम्पो बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. पण तफावत साडेसहा हजारांची उरत नाही.

आता मोडतोड. टेम्पोत टीव्हीला तडा गेला तर दाद मागायला हातात काही नसतं. हमाल तुम्ही आणलेले, बांधाबांध तुमची, ड्रायव्हरने फक्त गाडी चालवली. पॅकर्सकडे निदान विचारायला एक माणूस असतो, पण तोही कागद असेल तरच. जीएसटी क्रमांक असलेलं कोटेशन, नगांची यादी आणि दोघांच्या सह्या हव्यात. नोंदणीकृत मालवाहतूकदारावर २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याने जबाबदारी टाकली आहे खरी, पण वाहतूकदाराने जास्त जोखीम घ्यावी म्हणून वाढीव दर द्यायचं कबूल केलेलं नसेल तर भरपाईला भाड्याच्या दहापटीची मर्यादा आहे. आणि कोटेशनमधली ‘इन्शुरन्स’ ही ओळ म्हणजे विमा नव्हे. पॉलिसी विमा कंपनीची हवी आणि ती सामान निघण्याआधी हातात पडली पाहिजे. नाहीतर ती ओळ खोडायला लावा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या. ‘काळजी करू नका साहेब, आपली जबाबदारी’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं.

किरकोळ गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. एसी आणि गीझर काढणं-बसवणं वेगळं. भरलेला गॅस सिलिंडर पॅकर्स सहसा घेत नाहीत. दागिने आणि कागदपत्रं स्वतःजवळ. फ्रीज उभाच न्यायचा, आणि आडवा न्यावाच लागला तर पोहोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा.

माझं मत विचाराल तर वन बीएचकेपर्यंत, दोन्हीकडे लिफ्ट असेल तर टेम्पोच. वाचलेले पैसे बबल रॅपवर उधळण्यापेक्षा एक हमाल जास्त घ्या. घरात म्हातारी माणसं असतील, काचेचं सामान बरंच असेल किंवा पेठेतल्या एखाद्या वाड्याचा अरुंद जिना वाट्याला आला असेल तर मुकाट्याने पॅकर्स. मात्र त्यांनी घर पाहिल्याशिवाय दर ठरवू नका. फोनवर सांगितलेला दर सामान गाडीत चढल्यावर वाढतो, आणि तेव्हा तुमचा फ्रीज त्यांच्या ताब्यात असतो. महिन्याचे शेवटचे दोन दिवस आणि रविवार टाळता आले तर टाळा. नव्या सोसायटीत सामान आत न्यायला एनओसी लागते का, लिफ्ट किती ते किती मिळते, हे आदल्या दिवशी विचारा. गाडी टेम्पोची असो की पॅकर्सची, वॉचमन दोघांनाही सारखंच अडवतो.

आणि नव्या गेटवर दोन अनोळखी पोरं ‘वाराई’, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, मागायला उभी राहिली, तर ज्या सामानाला त्यांनी हात लावलेला नाही त्याची वाराई द्यायची नाही. दमदाटी केली तर सरळ ११२ लावा.